बर्फ आणि पाण्यामधला एक आकडा

एका फोर्ट्रान फाइलमध्ये ०.०००१ असा एक आकडा लिहिलेला आहे. त्याचं एकक मीटर प्रतिसेकंद, म्हणजे सेकंदाला एक दशांश मिलिमीटर. एमआयटी-जीसीएम नावाचं समुद्राचं एक संगणकीय मॉडेल आहे, त्यातली ही फाइल. कोड खुला आहे, कुणीही उतरवून घेऊ शकतं. त्यातला 'शेल्फ-आइस' हा भाग समुद्रावर तरंगणाऱ्या हिमनदीच्या बुडाशी किती बर्फ वितळतो याचा हिशोब करतो. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही, तर पाण्यातली उष्णता बर्फापर्यंत याच वेगाने पोचते असं तो धरून चालतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ऑफिस सुटल्यावरचे माझे बरेच तास या आकड्याभोवती गेले. त्याला कारण एक जाहिरात. युरोपातल्या एका विद्यापीठात हिमनद्या आणि समुद्र यांच्या परस्परक्रियेवर काम करणाऱ्या गटाला संशोधन सहायक हवा होता. करार दोन वर्षांचा. भौतिकशास्त्र, गणित, संगणक किंवा अभियांत्रिकीची पदवी चालेल; मोठ्या, जुन्या कोडमध्ये हात घालायची तयारी हवी; ध्रुवीय भागातला अनुभव असल्यास उत्तम, पण आवश्यक नाही. माझं शिक्षण मेकॅनिकलचं आणि नोकरी सॉफ्टवेअरची. महाराष्ट्रात ही जोडी इतकी सर्रास आढळते की त्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही. पाच वर्षं पुण्यात मी पैशांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर लिहिते आहे. मला त्या जाहिरातीतलं एक वाक्य अडकलं: 'सीमास्तरातल्या उष्णतावहनाच्या सूत्रांची पुनर्तपासणी.' थर्ड इयरच्या हीट ट्रान्सफरच्या पेपरानंतर 'सीमास्तर' हा शब्द माझ्यासमोर पहिल्यांदाच आला होता.

हिमनदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वरून तळपणारं ऊन आणि खाली गळणारं पाणी येतं. हिमालयात चित्र बरंचसं तसंच आहे. पण ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकातल्या मोठ्या हिमनद्या समुद्रात येऊन संपतात. तिथे बर्फाचं बूड शेकडो मीटर खोल पाण्यात असतं, आणि अंटार्क्टिकात तर हवा इतकी थंड की बराचसा घाव खालूनच बसतो. घाव घालणारं पाणी आपल्या भाषेत गरम म्हणावं असं मुळीच नसतं. पश्चिम अंटार्क्टिकाच्या आमुंडसेन समुद्रात जे पाणी हिमनद्यांच्या पोटाखाली शिरतं, त्याचं तापमान शून्याच्या वर जेमतेम एखादा अंश असतं. मुंबईकराला त्यात बोट घालवणार नाही. पण बर्फाच्या दृष्टीने ते उकळतं पाणी.

याचं कारण ज्यांनी लहानपणी हाताने फिरवायच्या पॉटमध्ये आइस्क्रीम केलंय त्यांना माहीत आहे. पॉटभोवतीच्या बर्फात खडेमीठ टाकलं की बर्फ शून्याच्या खालीच वितळायला लागतो. समुद्राच्या पाण्यात मीठ आधीच असतं, त्यामुळे ते साधारण उणे १.९ अंशांवर गोठतं. त्यात दाबाची भर. दर हजार मीटर खोलीला गोठणबिंदू आणखी पाऊण अंशाने उतरतो. म्हणजे पृष्ठभागावर जे पाणी गोठायच्या बेतात असतं, तेच पाणी खाली नेलं की बर्फ वितळवू शकतं. एका अंशाचं पाणी तर तिथल्या गोठणबिंदूच्या तीन-साडेतीन अंश वर असतं.

आता, तरंगणारा बर्फ वितळला म्हणून समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही; ग्लासातला बर्फ वितळून सरबत सांडत नाही तसंच. पण घाटात उभ्या ट्रकच्या चाकाला लावलेला दगड जे काम करतो, तेच काम ही बर्फाची तरंगती फळी करत असते. ती पातळ झाली, तुटली, की मागची जमिनीवरची हिमनदी मोकळी सुटते आणि समुद्रात उतरायचा वेग वाढवते. पातळी वाढते ती या बर्फाने.

असं घडताना पाहिलं गेलंय. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर इलुलिस्सात गावाजवळ याकोब्सहाव्न नावाची हिमनदी आहे. १९९७च्या सुमारास तिची पुढची तरंगती जीभ पातळ होऊ लागली, २००३पर्यंत ती मोडून पडली, आणि हिमनदीचा वेग दुपटीवर गेला. कारण शोधणाऱ्यांना उत्तर एका अनपेक्षित वहीत सापडलं. त्या किनाऱ्यावर कोळंबी आणि माशांचा साठा किती आहे हे बघायला दरवर्षी जाळी ओढून पाहणी होते, आणि तेव्हा तळाच्या पाण्याचं तापमानही टिपलं जातं. १९९७ साली अटलांटिकचं उबदार पाणी त्या भागात पोचल्याचं त्या नोंदींत स्पष्ट दिसत होतं. डेव्हिड हॉलंड आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हे मांडलं. पुढे २०१६च्या सुमारास तिथलं पाणी पुन्हा थंड झालं, आणि तीच हिमनदी मंदावली, तिची जाडीही वाढली. हवेचं तापमान वाढतंच होतं. लगाम समुद्राच्या हातात होता. कोळंबी मोजायला गेलेल्या माणसांनी आपण हिमनदीचा ताप मोजतोय असा विचारही केला नसेल. मी कोकणातली. ही गोष्ट मला हिमनद्यांविषयी वाचलेल्या इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त जवळची वाटली.

तर पाणी उबदार झालं की बर्फ वितळतो, इथपर्यंत वाद नाही. किती वितळतो, इथे तो आकडा येतो.

मॉडेलमध्ये समुद्राचे चौकोन पाडलेले असतात. एकेक चौकोन बहुधा शेकडो मीटर किंवा काही किलोमीटर रुंद, काही मीटर ते काही दशक मीटर जाड. वितळण्याची क्रिया घडते ती मात्र बर्फाला चिकटून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात; अगदी बर्फालगत तर मिलिमीटरांचा मामला. तो थर कुठल्याच चौकोनात मावत नाही. म्हणून त्याच्या जागी तीन समीकरणं ठेवली जातात: उष्णतेचा जमाखर्च, मिठाचा जमाखर्च आणि गोठणबिंदूची रेषा. पाण्यातून थरापार उष्णता किती सहज जाते आणि मीठ किती सहज जातं, हे सांगणारे दोन गुणांक त्यात लागतात. त्यातला पहिला म्हणजे आपला ०.०००१. मिठाचा त्याहून जवळपास दोनशेपट लहान. हार्टमुट हेल्मर आणि डिर्क ओल्बर्स यांनी १९८९ साली आपल्या मॉडेलमध्ये हेच आकडे वापरले होते. पस्तीसहून अधिक वर्षं झाली, ते अजून कोडमध्ये आहेत.

आमच्या क्षेत्रात अशा आकड्याला 'मॅजिक नंबर' म्हणतात, आणि तो शिवी दिल्यासारखाच म्हणतात. कोड रिव्ह्यूमध्ये दिसला की पहिला शेरा पडतो, हा कुठून आला? पण मेकॅनिकलवाल्या माझ्या अर्ध्या मेंदूला त्यात काही गैर वाटलं नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पितळेच्या दांडीवरून हवा सोडून आम्ही असाच गुणांक काढायचो. थर्मोकपलचे आकडे लिहायचे, आलेख काढायचा, शेवटी एक संख्या. दांडी बदलली, हवेचा वेग बदलला की संख्या बदलायची. गुणांक हा पितळेचा गुण नव्हे आणि हवेचाही नव्हे. त्या दोघांची त्या दिवशी जशी गाठ पडली तिचा तो गुण. प्रयोगशाळेत दांडी बदलून पुन्हा मोजता येतं. सहाशे मीटर बर्फाखाली मोजायचं कसं?

माणसांनी तेही केलंय. एड्रियन जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी रॉन नावाच्या बर्फाच्या फळीखालची मोजमापं वापरून २०१० साली हे गुणांक पाण्याच्या वेगाशी जोडून तपासले. पण त्यानंतर दोन ठिकाणांहून जे आलं ते मी रात्री दोनदा वाचलं.

पहिलं ठिकाण अलास्कातली लकॉन्ट हिमनदी. तिच्या उभ्या कड्यासमोर जहाजातून आणि किनाऱ्यावरून सोनार आणि इतर उपकरणं लावून, पाण्याखालचा बर्फ किती मागे हटतोय हे संशोधकांनी थेट मोजलं. २०१९ साली निष्कर्ष आले. काही भागांत वितळण्याचा वेग प्रचलित सूत्राच्या अंदाजापेक्षा शंभरपटीपर्यंत जास्त होता.

दुसरं ठिकाण पश्चिम अंटार्क्टिकातली थ्वेट्स. रुंदी सुमारे १२० किलोमीटर, आणि तिच्यातला सगळा बर्फ समुद्रात गेला तर जगाची समुद्रपातळी ६५ सेंटीमीटरने वाढेल असा हिशोब. ब्रिटन आणि अमेरिकेने २०१८मध्ये फक्त तिच्या अभ्यासासाठी संयुक्त मोहीम सुरू केली. जानेवारी २०२०मध्ये गरम पाण्याच्या झोताने सुमारे ६०० मीटर बर्फाला भोक पाडून 'आइसफिन' नावाचा बारीक, लांबट रोबोट खाली सोडला गेला. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेलं त्याचं उत्तर उलट होतं. बर्फाचं बूड जिथे सपाट आहे, तिथे पाणी पुरेसं उबदार असूनही वितळणं मॉडेलच्या अपेक्षेपेक्षा कमी होतं. वितळलेलं गोडं पाणी हलकं असल्यामुळे वरच्या बाजूला, बर्फाला बिलगून राहतं आणि खालच्या उबेला पोचू देत नाही. मात्र भेगांमध्ये आणि पायऱ्यांसारख्या उभ्या कडांवर बर्फ झपाट्याने वितळत होता.

म्हणजे एका ठिकाणी सूत्र फारच कमी सांगतं, दुसरीकडे जास्त. हा बग असता तर सोपं होतं. चिन्ह चुकलंय, एकक चुकलंय, दुरुस्त करा. इथे सूत्र चुकीचं लिहिलेलं नाही. एकाच आकड्याकडून दोन वेगळ्या जागांचं वर्णन मागितलं जातंय.

मी ते मॉडेल लॅपटॉपवर चालवून पाहिलं. त्याच्यासोबत 'आयसोमिप' नावाचं एक तयार उदाहरण येतं. एक काल्पनिक समुद्र, चारही बाजूंनी बंद, वर बर्फाची तिरकी फळी. एका टोकाला ७०० मीटर खोल, दुसऱ्या टोकाला २००. सुरुवातीला सगळं पाणी उणे १.९ अंशांचं. फोर्ट्रानच्या जुन्या शिस्तीप्रमाणे ७२व्या रकान्यापलीकडे लिहिलेलं कंपायलर वाचतच नाही, ही गंमत कळायला एक संध्याकाळ गेली. मग मॉडेल चालायला लागलं. खोल टोकाशी बर्फ वितळत होता, वितळलेलं पाणी फळीच्या उतारावरून वर सरकत होतं, आणि उथळ भागात त्यातलं काही पुन्हा गोठत होतं. मी ०.०००१ चे ०.०००२ केले. वितळणं वाढलं, पण दुप्पट झालं नाही. जास्त वितळलं की बर्फाखाली थंड, गोडं पाणी जास्त साचतं, आणि तेच पुढच्या वितळण्याला आवर घालतं. थ्वेट्सखालच्या दुलईची ही एक भोळी, चौकोनी नक्कल माझ्या टेबलावर चालू होती. त्या दिवशी मी अर्ज भरायला घेतला.

मे महिन्यात गावी गेले. आमचं गाव अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात. नकाशावर जमीन दिसते, पण उधाणाच्या भरतीला समुद्र आमच्या भातखाचरांपेक्षा उंच असतो. मध्ये उभा असतो तो मातीचा बांध. बांधात उघाड्या असतात. ओहोटीला बाहेरचं पाणी खाली गेलं की आतल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने झडप उघडते, भरती आली की बाहेरच्या रेट्याने मिटते. बांधाला खांड गेली आणि खारं पाणी शेतात शिरलं, तर पावसाने मीठ धुवून निघेपर्यंत भात धड येत नाही. त्यात दोन-तीन वर्षं सहज जातात.

पावसाळ्याआधी बांधाची डागडुजी चालू होती. काकांना माझ्या वडिलांकडून अर्जाचं कळलं होतं. चहा पिता पिता ते म्हणाले, "तू त्या बर्फाचं शिकायला जाणार म्हणे. मग एवढंच सांग, बांध किती वर घ्यायचा?"

जगातल्या कुठल्याही प्राध्यापकाने मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी त्यांना आयपीसीसीच्या सहाव्या अहवालातले आकडे सांगितले. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्र सरासरी २० सेंटीमीटर वाढला. साधारण एक वीत. २१००पर्यंत, उत्सर्जन फार कमी केलं तर २८ ते ५५ सेंटीमीटर, फार जास्त राहिलं तर ६३ सेंटीमीटर ते १ मीटर. आणि त्याखाली एक टीप: बर्फाच्या चादरींविषयी आपली समज इतकी अपुरी आहे की उत्सर्जन फार जास्त राहिलं तर २ मीटरच्या जवळ जाणंही नाकारता येत नाही.

"म्हणजे एक हात की चार हात, ते ठाऊक नाही," काका म्हणाले.

मी हो म्हटलं. आणि त्या न ठाऊक असण्याचा मोठा वाटा ज्या थरात आहे, त्याविषयी बोलले. दक्षिण ध्रुवाजवळचा बर्फ इथे कसा पोचतो हेही सांगितलं. बर्फाची एवढी मोठी रास स्वतःच्या वजनाने भोवतालचा समुद्र आपल्याकडे ओढून धरते. ती कमी झाली की ते पाणी सुटतं, जवळचा समुद्र खाली जातो आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढतो. अंटार्क्टिकापासून आपण पुरेसे दूर आहोत, ही आपल्यासाठी चांगली बातमी नाही.

काकांना गुरुत्वाकर्षणापेक्षा उघाडीची काळजी वाटली. बांधावरून पाणी येण्याआधी दुसरंच होईल, ते म्हणाले. बाहेरचा समुद्र वीतभर जरी वर राहिला तरी ओहोटीला झडप उशिरा उघडेल आणि लवकर मिटेल. जुलैच्या पावसाचं पाणी आतच कोंडून राहील. भात समुद्राने नाही, पावसाने कुजेल. मी इतके दिवस मीटर आणि सेंटीमीटर वाचत होते; त्यांनी ते तासांमध्ये मोजलं.

मग ते बराच वेळ बांधाकडे बघत होते. "उंची पुढे वाढवता येते," ते म्हणाले. "बूड नाही वाढवता येत. अरुंद बुडावर माती चढवली की बांध खचतो. चार हाताची शक्यता असेल तर बूड आताच तेवढं रुंद धरायला हवं. वर माती लागेल तशी टाकू."

अनिश्चिततेचा अभ्यास करणाऱ्यांनी जाड पुस्तकं लिहून जे सांगितलंय त्यापेक्षा हे फार वेगळं नाही. खालचा आकडा उंचीसाठी, वरचा आकडा बुडासाठी. पण रुंद बूड म्हणजे जास्त माती, जास्त मजुरी, आणि बांधाच्या आत प्रत्येकाच्या खाचराची एक पट्टी कमी. चार हातांचे तीन हात झाले, तर ती पट्टी वाचते. दोन हातांचे तीन झाले, तर आज वाचवलेली पट्टी उद्या सगळं शेत घालवते. 'अंदाजाची मर्यादा कमी करणं' हे जाहिरातीतलं निर्जीव वाक्य जमिनीवर असं दिसतं.

या कामाविषयी माझ्या मनात रम्य कल्पना उरलेल्या नाहीत. जहाज, पेंग्विन, निळा बर्फ हे बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. चाचण्या लिहायच्या, कोड जुन्या यंत्रावरून नव्यावर न्यायचा, एकाच प्रश्नाची तीन मॉडेलं तीन उत्तरं का देतात ते खोदत बसायचं. हातातली कायमची नोकरी सोडून दोन वर्षांच्या करारावर जायचं, आणि पुढचं पुढे. आईने विचारलं, हेच काम इथे होत नाही का? होतं. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. स्वालबार्डमध्ये २००८पासून भारताचं 'हिमाद्री' हे तळकेंद्र आहे, आणि २०१४ साली तिथल्याच काँग्सफ्योर्डमध्ये 'इंडआर्क' नावाची उपकरणांची साखळी १९२ मीटर खोलीवर नांगरली गेली. अटलांटिकचं उबदार पाणी त्या फ्योर्डमध्ये शिरतं, आणि फ्योर्डच्या डोक्याशी समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या आहेत. इंडआर्कच्या मोजमापांवर लिहिलेले निबंध मी अर्जाच्या तयारीतच वाचले. दोन वर्षांनी परतायचं झालं तर कुठल्या दिशेने, याचा विचार मी त्यामुळे आताच करू शकते.

मुलाखत चाळीस मिनिटांची झाली. तुम्ही हिमनदी कधी पाहिली आहे का, असं विचारलं. नाही म्हणाले. मग या विषयाकडे कशा वळलात? मी उघाडीविषयी सांगितलं: झडप, ओहोटी, कोंडलेले तास. समोरच्या तिघांपैकी एकाने कागद घेऊन तिचं चित्र काढलं आणि बरोबर आहे का म्हणून कॅमेऱ्यासमोर धरलं. बिजागरी उलट बाजूला होती, ती मी दुरुस्त करून घेतली.

सप्टेंबरमध्ये रुजू व्हायचं आहे. पहिलं काम कळवून ठेवलंय: वितळण्याचा गुणांक एका स्थिर आकड्याऐवजी पाण्याचा वेग, बर्फाचा उतार आणि गोड्या पाण्याचा थर यांवरून ठरवणारी नवी पद्धत कोडमध्ये बसवायची, आणि तिच्यासाठी चाचण्या लिहायच्या. पहिली चाचणी मी आताच लिहून ठेवली आहे. बर्फातून वर जाणारी उष्णता बाजूला ठेवली आणि पाणी बरोबर गोठणबिंदूवर असलं, तर गुणांक काहीही असो, उत्तर शून्य आलं पाहिजे. दुसरी चाचणी कशी लिहायची यावर अजून विचार चालू आहे.